जनाबाई

जनाबाई : (मृत्यू १३५०). वारकरी संप्रदायातील संतकवयित्री. जन्म गोदावरीकाठी गंगाखेड (जि. परभणी) येथे, दमा व करुंड या दांपत्याच्या पोटी. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि दळणकांडण, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे यांतच तिचा जन्म गेला. दामाशेटींचा मुलगा नामदेव तिच्या अंगाखांद्यावर वाढला असे परंपरा सांगते. पुढे त्याच्याच सहवासात ती अभंग रचू लागली. ‘नामयाची दासी’ अशी तिची नाममुद्रा आहे.

तिची रचना घरकामातूनच उगवली. जाते ओढताना ओव्या म्हणण्याची बायकांची रीत जुनीच. जनाबाईने त्या जात्याला विठ्ठलालाच बसवले. तो तिच्यासोबत दळतो, शेणी उचलतो, तिची वेणी घालतो. लाडात आली की ती त्याच्याशी भांडते, शिव्याही घालते. एका अभंगात डोईचा पदर खांद्यावर टाकून, हाती टाळ घेऊन भर बाजारात जाण्याची तिची तयारी दिसते. इतका बेडर सूर त्या काळच्या दुसऱ्या कोणाकडे क्वचितच सापडेल.

संतांची वचने कोणी उतरून घेतली, याची यादीच तिच्या नावावरील एका अभंगात आहे: सावता माळ्याची काशिबा गुरवाने, चोखामेळ्याची अनंतभट्टाने. जनीचा लेखक मात्र खुद्द पांडुरंग. नामदेवगाथेत तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. सगळेच तिचे असतील असे नाही. मौखिक परंपरेत भर पडतेच, आणि पांडुरंगाच्या हस्ताक्षराची पोथी कोणाला मिळालेली नाही. ‘हरिश्चंद्राख्यान’, ‘थाळीपाक’ यांसारखी आख्यानेही तिचीच मानली जातात. थाळीपाकावरून मुक्तेश्वराला स्फूर्ती मिळाली असे म्हणतात.

देवाचे पदक चोरल्याचा आळ तिच्यावर आला व सुळाचे पाणी झाले, ही आख्यायिका कीर्तनांतून आजही रंगते. नामदेवाच्याच दिवशी, शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, पंढरपुरात तिने समाधी घेतली असे मानतात. गंगाखेडला तिचे मंदिर आहे; पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे जाते दाखवतात. प्रभातच्या ‘संत जनाबाई’ (१९४९) या चित्रपटात हंसा वाडकर यांनी तिची भूमिका केली. अरुण कोलटकरांनी तिचे काही अभंग इंग्रजीत नेले. गावोगावच्या जात्यावरच्या ओव्यांत तर जनी हे नाव सतत येत राहिले. विठ्ठलासोबत दळणारी ती बायकांना आपल्यातलीच वाटत आली.