पिशवीची करोडगिरी

मंडळी, 'करोडगिरी' हा शब्द कुणी ऐकलाय का? करोडपतींशी याचा काही संबंध नाही :-) निजामाच्या हैदराबाद संस्थानात कस्टम्सच्या खात्याला करोडगिरी म्हणत.

हा शब्द आठवायचं कारण माझा एक मित्र. त्याला चीनमधून कापडासारख्या दिसणाऱ्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या पिशव्या मागवून लातूर, मुरुडच्या दुकानदारांना विकायच्या आहेत. "तू आयटीवाला, जरा नियम बघून सांग" म्हणाला. बघायला बसलो आणि अख्खा विकांत त्यात गेला. नियम वाचता वाचता इतिहासात कधी शिरलो ते कळलंच नाही.

सुरुवात मुरुडपासूनच करू. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, ती कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, मुरुडवरून. अडीच फुटी रूळ, छोटे डबे. गंमत अशी की बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि मुरुड निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. (लातूर जिल्हा १९८२ चा.) म्हणजे बार्शीहून मुरुडला आलेला माल चक्क परराज्यातून आलेला! १८०२ च्या इंग्रज-निजाम व्यापारी तहात जकातीचा दर ५ टक्के ठरला होता. मुंबईहून निघालेलं कापड असो की कलकत्त्याचं गोणपाट, संस्थानाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीशी गाठ होतीच. ही हद्द पुसायची सुरुवात व्हायलाच सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

आता गोणपाट. बंगालमधली पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये रिश्र्याला निघाली. पुढे हुगळीच्या काठावर गिरण्यांची रांग लागली. त्यांना लागणारा ताग पिकायचा मुख्यतः पूर्व बंगालात. १९४७ ला फाळणी झाली, तेव्हा गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची बहुतेक शेतं पाकिस्तानात गेली. कालपर्यंत नावेतून येणारा कच्चा माल एका रात्रीत 'आयात' झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने आपल्या रुपयाचं केलं नाही, आणि त्या भांडणात दोघांमधला व्यापारच ठप्प झाला. पोत्याचं राजकारण इतकं जुनं आहे.

मधल्या काळात स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या स्वीडिश इंजिनियरने बंदांची प्लॅस्टिक पिशवी काढली. १९६५ मध्ये तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. मग काय झालं ते आपण सगळे जाणतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांचं खापर पिशव्यांवर फुटलं. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. २३ मार्च २०१८ ला त्याहून मोठी बंदी आली, पहिला दंड ५००० रुपये. त्या आदेशात नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्याही होत्या. म्हणजे माझ्या मित्राला हव्यात त्याच! नंतर आदेशात बदल होत गेले, पण धडा स्पष्ट आहे: दिसायला कापड असलं तरी कायद्याच्या नजरेत ते प्लॅस्टिकच.

केंद्राचे २०२१ चे सुधारित नियमही तेच सांगतात. ३० सप्टेंबर २०२१ पासून नॉन-वोव्हन प्लॅस्टिक पिशवी चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी चालत नाही. साध्या प्लॅस्टिक पिशवीला ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट आहे. शिवाय २०२२ पासून आयातदाराला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करून आपण आणलेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी लागते. त्याआधी आयात-निर्यात कोड काढायचा तो वेगळाच.

मला सगळ्यात आवडलेलं कलम मात्र जकातीच्या यादीत सापडलं. ४२ व्या प्रकरणाच्या टिपेत म्हटलंय की प्लॅस्टिकच्या पत्र्याची, बंद असलेली, पण दीर्घकाळ वापरासाठी न बनवलेली पिशवी या प्रकरणात धरायची नाही, ती ३९२३ मध्ये टाकायची. अगदी इफ-एल्स! पिशवी किती दिवस जगणार हे कस्टम्सचा अधिकारी ती जन्माला आल्या-आल्या ठरवतो. आपली आई दुधाची पिशवी धुऊन, वाळवून वर्षभर वापरते, हे त्या यादीला कोण सांगणार?

इथपर्यंत हे सगळं गमतीचं वाटेल. पण मुरुडला माझ्या मामांची आडत आहे, आणि आडतीवर पिशवीला 'बारदाना' म्हणतात. बारदाना ही गमतीची गोष्ट नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे मुरुडवरूनच लातूरला गेली. त्याच वर्षी नंतर पाऊस छान झाला आणि तूर विक्रमी पिकली. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये. बाजारात भाव पडलेला, म्हणून खरेदी केंद्रांवर रांगा. आणि २०१७ च्या त्या हंगामात राज्यात केंद्रांवर काय संपलं? बारदाना! तूर आहे, सरकार घ्यायला तयार आहे, भरायला पोतं नाही. योगायोग असा की ५ जानेवारी २०१७ लाच केंद्राने बांगलादेश आणि नेपाळच्या ताग-मालावर, पोत्यांसकट, अँटी-डंपिंग शुल्क लावलं होतं, टनामागे कमाल सुमारे ३५२ डॉलर. टंचाई त्यामुळेच झाली असं मी म्हणत नाही. नियोजनाचे घोळ वेगळे असतात. पण १९८७ च्या ताग वेष्टण कायद्यानुसार धान्य भारतात पिकलेल्या तागाच्या, भारतात विणलेल्या पोत्यांतच भरायचं. बंगालच्या ताग-शेतकऱ्याला आधार म्हणून ते योग्यच. फक्त पोतं कमी पडलं की वाट पाहायची मुरुडच्या तूर-शेतकऱ्याने, हे कुठल्या कलमात लिहिलेलं नसतं. २०२४ च्या सोयाबीन खरेदीतही पुन्हा तेच झालं.

ताजी गंमत २०२५ ची. जूनमध्ये बांगलादेशच्या ताग-कापडाला आणि ऑगस्टमध्ये तागाच्या पोत्या-पिशव्यांना जमिनीवरची ठाणी बंद झाली. दार एकच, न्हावा-शेवा. शेजारच्या पेट्रापोलवरून यायचं ते पोतं आता अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आपल्या रायगड जिल्ह्यात उतरणार.

असो. मित्राला मी सांगितलं की चीनचा नाद सोड, मुरुडातच मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घे. कोड नको, मायक्रॉन नको. तो म्हणाला, "तुझी पिशवी तीन पट महाग पडते, दुकानदार घेईल का?" प्रश्न रास्त आहे. करोडगिरीचा नाका निदान दिसायचा, तिथे किती मोजले ते कळायचं. आता नाका पिशवीच्या किमतीत लपलेला असतो आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा रांगेतला शेवटचा माणूस देतो. पुढच्या वेळी दुकानदाराने पिशवीचे दहा रुपये मागितले तर भांडायच्या आधी एवढं आठवा.