बकासुर आणि रॉक

आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी; भीमानं बकासुर मारला तो इथंच, अशी गावाची श्रद्धा. माझा अनुभव असा, की तो पुढं टेपरेकॉर्डर होऊन आमच्याच घरी जन्मला. त्यानं चावलेली एक कॅसेट परवा माळ्यावर सापडली : मुंबईच्या 'रॉक मशीन'ची 'द सेकंड कमिंग', १९९०.

दादानं ती नागपूरहून आणली, तेव्हा आई म्हणाली, "हे भजन होय का भांडण, बाप्पा?" दोन्ही होतं. गिटारी कडाडायच्या आणि मधेच चाल अशी गोड वळायची, की भाजी निवडता निवडता आईचीच मान डोलायची!

ही मंडळी १९८४ साली जमली. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. तेव्हा श्रोत्यांना हवी असायची परदेशी गाण्यांची नक्कल. यांनी १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढून स्वतःची इंग्रजी गाणी पुढं केली. १९९३ मध्ये नाव बदललं, 'इंडस क्रीड' झालं. पण गाणी आपलीच.

दादाही चाली बांधायचा. आम्ही म्हणायचो, "ते राहू दे, सिनेमातलं वाजव." शेवटी त्यानं गिटार विकली. अस्सल सोडून नक्कल मागणाऱ्यांत पहिला मी. पुढं बँकेत चिकटलो यात नवल ते काय?

पेन्सिलीनं फीत गुंडाळली, टेप लावला, दादाला फोन केला. म्हटलं, "तुझी एखादी चाल म्हण ना."

बऱ्याच वेळानं तो गुणगुणला.

बकासुरानं फीत गिळली नाही. आवंढा तेवढा मी गिळला.