शब्दवेध : आयडल आणि लेझी

यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज मार्ग वऱ्हाडच्या कापसासाठी टाकला गेला. त्यावर धावणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले, पुढे डिझेलवरची गाडीही थांबली. त्या रुळांना इंग्रजीत ‘आयडल’ म्हणता येते, ‘लेझी’ नाही.

जुन्या इंग्रजीत ‘आयडल’चा अर्थ होता रिकामे, पोकळ. म्हणून यंत्र, जमीन, पैसाही आयडल असतो. सोळाव्या शतकापासून लिखाणात दिसणारा ‘लेझी’ मात्र स्वभावावर बोट ठेवतो : काम आहे, करायची इच्छा नाही.

मराठीतला ‘रिकामा’ संस्कृत ‘रिक्त’शी नाते सांगतो, ‘आळशी’ हा ‘अलस’शी.

कापसाची वेचणी संपली की यवतमाळच्या कोरडवाहू शिवारातला मजूर रिकामा होतो आणि कामासाठी दुसरे गाव गाठतो. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.