बाजारातला घोडा आणि दारातला घोडा

वारज्याहून खडकवासल्याच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द लागते. तिथं छात्रांना इतर शिक्षणाबरोबर घोडेस्वारीही शिकवतात. ती सोडली तर या भागात आज घोडा दिसतो तो लग्नसराईत, वरातीपुढे, बँडच्या कल्लोळात निमूट उभा असलेला. दोनशे वर्षांपूर्वी मात्र पुण्याच्या आसपासच्या गावांत घोडा घेणं ही हौस नव्हती. तो अख्ख्या घराचा निर्णय असे. आणि त्या निर्णयामागं एक धास्ती असे : बाजारात गरिबासारखा वागलेला घोडा दारात आल्यावर पंधरा दिवसांत पाठीवर बसू देईनासा झाला तर?

ही धास्ती समजायला मराठी फौजेची रचना ध्यानात घ्यावी लागते. स्वार दोन तऱ्हेचे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचं स्वतःचं, म्हणून त्याचा मान मोठा आणि पगारही मोठा. पण घोडा मेला किंवा कायमचा अधू झाला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली, की हाच शिलेदार बारगिरी शोधत फिरे. ऐन लढाईत शिलेदार घोड्याला जपत, पुढे घुसत नसत, असा ठपका इतिहासकारांनी त्यांच्यावर ठेवला आहे. ठपका खरा असेल. पण ज्याची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याला हसायला माझं मन धजत नाही. पुढे इंग्रजांनीही हीच पद्धत उचलली. १८१७ च्या तहानंतर उभ्या राहिलेल्या 'पूना हॉर्स'सारख्या पलटणींत ती 'सिलादारी' या नावानं नांदली आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, मोडीत निघाली.

घोडा घेताना माणसं पाहत काय? आधी भोवरे! गळ्यावरचा देवमणी शुभ, चार पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी भाग्याचा, अमक्या जागचा भोवरा मालकाच्या जिवावर उठणारा. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत आजही ही परीक्षा चालते. गंमत अशी, की घोडा एकटा चालायला तयार आहे का, हे केसांवरून कळत नाही. सौदागरही काही भोळे नसत. उपाशी ठेवून, दमवून, कधी अंमल देऊन घोडा शांत दाखवणं ही जगभरच्या घोडेबाजारातली जुनीच विद्या.

पण दर वेळी सौदागरच लबाड असतो असंही नाही. मला तर वाटतं, निम्म्याहून जास्त वेळा घोडा घरी आल्यावर बिघडतो. नव्या मालकाला कौतुक भारी. तो हरभऱ्याची चंदी सढळ हातानं घालतो आणि घोडा दिवसभर दावणीला बांधून ठेवतो. खाणं वाढलं, काम घटलं. मग अंगात आलेली ती ताकद जाणार कुठं? त्यात खोगीर जुन्या घोड्याच्या मापाचं. पाठ सोलवटलेली, पण घोंगडीखाली दिसत नाही. लगाम दुखऱ्या दाढेवर आपटतो. नाल वेडीवाकडी बसलेली. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पाणी आणि खूर यांचं महत्त्व जाणणाऱ्या माणसानं घालून दिलेली ही व्यवस्था आहे. आणखी एक कारण आपण विसरतो : घोडा कळपातलं जनावर. सोबती सुटले, मोतद्दार बदलला, पाण्याची जागा बदलली, पाठीवरचा भारही अनोळखी. तो बावरतो, आणि आपण त्याला नाठाळ म्हणून मोकळे होतो.

मग चाबूकस्वाराला बोलावणं जाई. घोडा वळणावर आणणं हाच त्याचा धंदा. नावात चाबूक असला तरी निव्वळ चाबकानं हे काम होत नाही. ग्रीक सेनानी झेनोफोननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. त्यात तो बजावतो, की रागाच्या भरात घोड्याच्या वाटेला जाऊ नये. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावं. मारून नेलं तर ती वस्तू आणि वेदना यांची तो मनात गाठ मारतो आणि भीती दुणावते. विकत घेताना घोडा सोबत्यांना सोडून जातो की त्यांच्याकडेच ओढ घेतो, तेही पाहा, असं तो सांगतो. चोवीसशे वर्षं झाली, या सल्ल्यात बदल करावा असं काही सापडलेलं नाही.

आपल्याकडे ही परीक्षा ज्यांना साधली होती, त्यांत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं नाव अग्रभागी. नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि राणी, या तिघांची अश्वपरीक्षक म्हणून त्या काळी ख्याती होती. एका सौदागरानं दोन सारखेच देखणे घोडे आणल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. राणीनं दोन्हींवर बसून रपेट केली आणि एकाची किंमत हजार रुपये, दुसऱ्याची पन्नास सांगितली. दुसऱ्याची छाती दुखावलेली होती. वरून दिसत नव्हती; बसल्यावर कळली.

त्याच राणीच्या अखेरच्या लढाईत घोडा आडवा यावा, हा दैवाचा खेळ म्हणायचा. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथं इंग्रज घोडदळाशी गाठ पडली. परंपरा सांगते, की राणीचा नेहमीचा घोडा कामी येण्यासारखा नव्हता, म्हणून शिंद्यांच्या पागेतला नवा घोडा तिनं घेतला होता. वाटेत एक ओढा लागला. घोडा काठावर थबकला. टाच मारूनही तो उडी घेईना, आणि तेवढ्यात पाठलाग करणारे स्वार येऊन भिडले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हकिकती मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. कुणी गोळीचं सांगतो, कुणी तलवारीच्या वाराचं, आणि तारखेतही एका दिवसाचा फरक पडतो.

त्या घोड्याला आपल्या कथाकारांनी फार दूषणं दिली. मला तो दोषी वाटत नाही. तोफांचा आवाज, अनोळखी हात, समोर पाणी. पन्नास रुपयांच्या घोड्यातलं दुखणं ओळखणाऱ्या राणीला हा घोडा पारखायला, त्याची खोड काढायला सवड कुठं होती? ग्वाल्हेर ताब्यात आलं ते जूनच्या आरंभी, आणि ती पडली १७ किंवा १८ जूनला. त्या घोड्याची आणि तिची ओळख जेमतेम पंधरा-सोळा दिवसांची.