मूठ, तळवा, कड

ज्या हाताने आपण लिहीत-जेवत नाही, तो हात टेबलावर ठेवायचा. आधी मूठ, मग तळवा पालथा, मग करंगळीच्या कडेवर हात उभा. दहा सेकंदांत हा क्रम चार वेळा जमला तर ४ गुण. त्याआधी त्याच हाताची पहिली दोन बोटं पाच सेकंद झपाट्याने उघडायची-मिटायची; १५ वेळा झालं तर ४ गुण. सुरुवातीला ऐकवलेले चार शब्द शेवटी आठवून सांगायचे. प्रत्येक शब्दाला १ गुण. ‘एक प्राणी होता’ अशी खूण दिल्यावर आठवला तर अर्धा. एकूण गुण १२. पेशंटला १० किंवा त्याहून कमी मिळाले तर डॉक्टरांनी पुढची तपासणी करायची. कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही, मेंदूविकारतज्ज्ञही लागत नाही. या चाचणीचं नाव इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल. तिच्यात काय नाही, हे समजलं की ती कशी घडली तेही समजतं.

एड्सच्या साथीच्या पहिल्या वर्षांत अनेक तरुण पेशंट विसरू लागले, मंद झाले, गप्प झाले. जीवघेण्या आजाराच्या दुःखाने ते खचले असतील, असं समजणं सोपं होतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या ब्रॅडफर्ड नाव्हिया, बार्बरा जॉर्डन आणि रिचर्ड प्राइस यांनी तसं समजून सोडून दिलं नाही. शवविच्छेदन झालेल्या ७० रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांतल्या ४६ जणांची बुद्धी मरणाआधी क्रमाक्रमाने ढासळत गेली होती. १९८६ साली त्यांनी या अवस्थेला ‘एड्स डिमेन्शिया कॉम्प्लेक्स’ हे नाव दिलं. लक्ष टिकत नाही, विचार संथ होतो, चाल अडखळते, हात जड होतात, कशातच रस उरत नाही, असं चित्र त्यांनी मांडलं.

एड्सचा विषाणू, एचआयव्ही, मेंदूत लवकर पोचतो, पण मज्जापेशींमध्ये तो सहसा शिरत नाही. तिथल्या संरक्षक पेशींमध्ये तो ठाण मांडतो. त्यातून धुमसणारा दाह मज्जापेशींना इजा करतो आणि त्याची झळ मेंदूच्या खोलवरच्या भागांना जास्त लागते. म्हणून आधी वेग जातो. नावगाव, आजची तारीख हे पेशंट बिनचूक सांगतो, फक्त वेळ लावून. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि पुढे जगभर रूढ झालेली, बुद्धी तपासणारी ३० गुणांची एमएमएसई चाचणी अशा माहितीवर बराच भर देते, वेग मोजत नाही; त्यामुळे हे पेशंट तिच्यातून सुटून जात.

ही उणीव ओळखून क्रिस्टोफर पॉवर, जस्टिन मॅकआर्थर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले त्यांचे सहकारी कामाला लागले. १९९५ मध्ये त्यांनी १६ गुणांची एचआयव्ही डिमेन्शिया स्केल प्रसिद्ध केली. वेगाला तिच्यात मान होता. पण वेग मोजायचा कसा? इंग्रजी मुळाक्षरं भराभर लिहायला लावून. शिवाय घनाकृतीचं चित्र बघून काढायचं, आणि परीक्षक एक बोट हलवील तेव्हा नजर दुसऱ्या बोटाकडे वळवायची. ते पारखायला सरावलेला डोळा हवा. बाल्टिमोरमध्ये हे चालून गेलं. पण तेव्हा एचआयव्हीचा सर्वांत मोठा भार आफ्रिकेवर होता. ज्या बाईला शाळाच मिळाली नाही, तिला मुळाक्षरं लिहायला सांगून तिच्या मेंदूबद्दल काय कळणार? तिच्या वाट्याला न आलेली शाळाच त्यातून मोजली जाणार. मला हा तांत्रिक दोष वाटत नाही, अन्याय वाटतो.

नेड सॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर आणि युगांडातलं कंपाला अशा दोन्ही ठिकाणी काम करून ती चाचणी नव्याने रचली. युगांडाच्या नोएलीन नाकासुज्जा त्यांच्यात होत्या. मुळाक्षरं गेली, घन गेला, नजरेची परीक्षा गेली. मूठ-तळवा-कडेच्या हालचालीचा वारसा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्याकडून आलेला. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर त्यांनी उरल भागातल्या रुग्णालयात काम केलं होतं. हालचालींचा क्रम लावणं मेंदूला जमतं का, हे ते अशा साध्या हस्तक्रियांवरून पाहत.

नवी चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. डिमेन्शिया असलेल्या १०० पैकी साधारण ८० जण ती पकडते, अमेरिकेत आणि युगांडातही. पण डिमेन्शिया नसलेल्या १०० पैकी चाळिसाहून अधिक जणांवरही ती बोट ठेवते. म्हणजे ही चाचणी शंका उपस्थित करते, निदान करत नाही. हे विसरलं की घोटाळा होतो.

लगेच ती पुण्याला आली. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींसह ती इथल्या रुग्णांवर वापरून पाहिली; तो अभ्यास २००६ मध्ये आला. भारतात प्रामुख्याने आढळणारा विषाणू ‘सी’ उपप्रकाराचा, अमेरिकेतला ‘बी’. म्हणून इथे वेगळं तपासणं गरजेचं होतं. पुढे पुण्यातल्याच एका अभ्यासात, मराठी आणि हिंदी दोन्ही येणाऱ्या निरोगी माणसांच्या बौद्धिक चाचण्यांतल्या कामगिरीवर त्या द्विभाषिकतेचा काय परिणाम होतो, हेही २०१२ मध्ये तपासलं गेलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. निरोगी मराठी माणूस किती गुण मिळवतो हे ठाऊक नसेल, तर आजारी माणसाच्या गुणांना अर्थ कसा लावणार?

१९९६ नंतर औषधांच्या एकत्रित उपचाराने चित्र पालटलं. अमेरिकेतल्या १,५५५ एचआयव्हीबाधितांच्या २०१० च्या मोठ्या अभ्यासात डिमेन्शिया २ टक्क्यांवर आलेला दिसला, पण कोणती ना कोणती बौद्धिक उणीव ५२ टक्क्यांत निघाली. ही मोजणी निदानाच्या २००७ च्या निकषांवर झाली होती. २०११ मध्ये त्याच निकषांविरुद्ध रिचर्ड प्राइस यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं: ते इतके सैल आहेत की सुमारे २० टक्के निरोगी माणसंही त्यांत अडकतील. ज्यांनी या आजाराला पहिलं नाव दिलं, त्यांनीच त्याचा शिक्का सरसकट मारण्याला विरोध केला. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटानेही सुचवलं की फक्त चाचणीच्या गुणांवर निदान करू नये. विषाणूने केलेली इजा आणि इतर कारणांनी झालेली इजा वेगळी ओळखावी.

नैराश्य, दारू, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, टीबीचा मेंदूज्वर यांनीही माणूस मंदावतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. म्हणून घरातलं कुणी एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या घेत असेल आणि अलीकडे वेळा चुकत असतील, बोलणं-चालणं संथ झालं असेल, तर ‘निष्काळजी झालाय’ म्हणून रागावू नका. गोळ्या बंद होऊ देऊ नका आणि पुढच्या भेटीत ही गोष्ट डॉक्टरांना सांगा. पेशंट स्वतः सांगेलच असं नाही; आपण मंदावलोय हे त्याच्या लक्षात आलेलं नसू शकतं.