ग्रीन बेची गादी

परवा नातवाने फोनवर एकदम विचारलं, "आजोबा, तुमच्या जागी जे सर आले, त्यांना तुम्ही शिकवलंत का?" मी म्हटलं, "अरे, ते बी.एड. होऊनच आले होते!" तो हसला आणि विषय तिथेच संपला. त्याच्यापुरता संपला. मला मात्र रात्री झोप लागेना.

मुलगी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला राहते. तिच्याकडे सहा महिने राहिलो तेव्हा नातवाने मला अमेरिकन फुटबॉलची दीक्षा दिली. आधी वाटलं, ही कसली धुमश्चक्री! पण आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस मी. मला खेळापेक्षा त्यातली वारसाहक्काची गोष्ट जास्त आवडली. आपल्याकडे गादीवरून काय काय झालं ते आपण जाणतोच. तशीच एक गादी तिकडे आहे, क्वार्टरबॅकची.

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हाती येतो तो. तो कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं. संघात ५३ खेळाडू, पण हा बिनसला की बाकीचे ५२ असून नसल्यासारखे.

ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. तिथला पॅकर्स हा संघ १९१९ सालचा, आणि तो कुणा शेठजीच्या मालकीचा नाही. लोकांनी शेअर घेऊन तो जगवला. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तरी घराघरांत ते कागद चौकटीत लावलेले असतात. १९६० च्या दशकात बार्ट स्टार या क्वार्टरबॅकने या गावाला पाच अजिंक्यपदं मिळवून दिली. पण त्याच्यामागे कोण, याचं उत्तर तयार नव्हतं. १९७४ साली संघाने घाईघाईने जॉन हॅडल नावाचा ३४ वर्षांचा खेळाडू आणला आणि त्याच्या बदल्यात पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या निवडी, वर तिसऱ्या फेरीची एक, असं सगळं देऊन टाकलं. बियाणं विकून सण साजरा करावा, तसा हा प्रकार. हॅडल दोन हंगामांत गेलाही. १९६८ ते १९९१ या २४ हंगामांत हा संघ बाद फेरीत फक्त दोनदा पोचला!

मग १९९२ मध्ये ब्रेट फार्व्ह आला आणि पुढची सोळा वर्षं एकही सामना न चुकवता खेळला. जानेवारी १९९७ मध्ये त्याने सुपर बोल जिंकून दिला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

याच काळात खेळाचं अर्थकारण बदललं. १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादा आली, म्हणजे 'सॅलरी कॅप'. एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला अमुकच रक्कम खर्च करायची. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख झाली. यामुळे श्रीमंत संघाला सगळे चांगले खेळाडू दाबून ठेवता येत नाहीत. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोने जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग असे दोन बिनीचे क्वार्टरबॅक कित्येक वर्षं एकत्र ठेवले होते. आता दोघांनाही शिखरावरचा पगार द्यायचा, तर बाकीचा संघ उपाशी राहील.

म्हणून संघ काय करतात, तर म्हातारा अजून जोरात असतानाच एक पोरगा आणून बाकावर बसवतात. महाविद्यालयातून निवडलेल्या नव्या खेळाडूचा पगार कमी असतो. तो तीन वर्षं पाहून शिकतो, आणि जागा रिकामी झाली की उभा राहतो. कागदावर किती सोपं! पण बाकावरच्या पोराकडे रोज बघत खेळायचं असतं त्या म्हाताऱ्याला.

२००५ साली अ‍ॅरन रॉजर्स निवडीच्या दिवशी तासन् तास ताटकळत बसला होता. पहिल्या क्रमांकावर जाईल असं वाटणारा तो, चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बेने त्याला घेतला. फार्व्ह तेव्हा ३५ वर्षांचा होता. या पोराला तयार करणं माझ्या करारात लिहिलेलं नाही, अशा अर्थाचं तो बोलून गेला. मार्च २००८ मध्ये त्याने रडत रडत निवृत्ती जाहीर केली आणि उन्हाळ्यात परत आला! संघ म्हणाला, आता जागा रॉजर्सची. गाव दुभंगलं. फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. पहिल्या हंगामात रॉजर्सने सहा सामने जिंकले, दहा हरले. लोकांनी काय काय ऐकवलं असेल! पण फेब्रुवारी २०११ मध्ये त्यानेही सुपर बोल जिंकला.

आता पुढचा अंक. २०२० साली रॉजर्स ३६ वर्षांचा. आदल्या हंगामात संघ सुपर बोलपासून एका सामन्यावर थांबला होता. अशा वेळी हाताशी मदतनीस द्यायचा सोडून संघाने त्याचा वारसच निवडला, जॉर्डन लव्ह. (आडनावच तसं आहे, हसू नका.) रॉजर्स दुखावला. उत्तर त्याने मैदानात दिलं: २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच! मग संघाने २०२२ मध्ये त्याच्याशी तीन वर्षांचा १५ कोटी डॉलरचा करार केला, आणि वर्षभरात, एप्रिल २०२३ मध्ये, त्यालाही जेट्सकडेच पाठवलं.

इथे एक हिशेबाची गंमत आहे. खेळाडूला करार करताना मोठी रक्कम हातात देतात, पण वहीत ती पुढच्या वर्षांवर वाटून लिहितात. तो मध्येच गेला, की उरलेलं सगळं संघाच्या खाती येऊन पडतं. त्याला 'डेड मनी' म्हणतात, मेलेला पैसा. २०२३ मध्ये रॉजर्स न्यूयॉर्कला होता, पण ग्रीन बेच्या वहीत त्याच्या नावावर सुमारे ४ कोटी डॉलर होते, म्हणजे त्या वर्षीच्या मर्यादेचा सहावा हिस्सा जवळजवळ. लव्हचा पहिल्या चार वर्षांचा करार मिळून सव्वा कोटीच्या आसपास होता. माणूस गेला तरी त्याचं ओझं नव्याने वाहायचं! तरीही लीगमधल्या त्या सर्वांत तरुण संघाने बाद फेरीत डॅलसला त्यांच्याच मैदानावर हरवलं. जुलै २०२४ मध्ये लव्हशी चार वर्षांचा २२ कोटींचा करार झाला. आता स्वस्ताईचे दिवस त्याचेही संपले. कधीतरी त्याच्याही मागे एक पोरगा येऊन बसेल.

मला यात भावलं ते एवढंच. दुखावले दोघेही गेले. पण रॉजर्सने आपला राग वरच्यांवर काढला, पोरावर नाही. लव्हला त्याने जवळ केलं, आणि लव्हने ते चारचौघांत सांगितलंही. आपण बाकावर काय भोगलं, ते तो विसरला नसावा.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं असताना शाळेत इतिहासासाठी एक तरुण शिक्षक आले. हुशार होते, पण वर्गात गडबडायचे. एकदा शिक्षकखोलीत त्यांनी माझ्या टिपणांच्या वह्या मागितल्या. तीस वर्षांच्या वह्या, नकाशे, मुलांना सांगायच्या गोष्टी. मी म्हटलं, "स्वतः काढा हो टिपणं, त्यातच शिक्षण आहे." इतर शिक्षकांनी माना डोलावल्या. वाक्य तत्त्वाचं होतं, पण मनात तत्त्व नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या वह्या वापरून हा माझ्याइतकाच चांगला शिकवू लागला, तर मी कोण? करारात लिहिलेलं नाही म्हणणारा फार्व्ह आणि मी, फरक काय? त्याच्याजवळ निदान सुपर बोल तरी होता!

त्या दोन वर्षांतली मुलं त्या गडबडीतच इतिहास शिकली. ते आता भरून देता येणार नाही.

वह्या अजून माळ्यावर आहेत. हिने चारदा रद्दीत काढल्या, मी चारदा परत ठेवल्या. ते सर अजून त्याच शाळेत आहेत, आता चांगला जम बसलाय असं ऐकतो. त्यांना माझ्या वह्यांची गरज राहिलेली नाही, हे मला कळतं. तरी येत्या रविवारी माळा काढणार आहे. वाळवीने काय ठेवलंय ते बघून त्यांना फोन करेन. हवं तर घेतील, नको तर नको म्हणतील.

नातवाला मात्र खरं उत्तर आधी द्यायला हवं. असो.