बीम बदलाचे कालनियोजन

बीम बदलाचे कालनियोजन ही अतिउच्च वारंवारतेच्या बिनतारी संदेशवहनातील एक नियंत्रणपद्धती आहे. मनोरा आणि ग्राहकाचा संच यांनी आपल्या रेडिओ झोताची (बीमची) दिशा केव्हा बदलावी, त्याची सूचना किती आधी द्यावी आणि नवा झोत कोणत्या क्षणापासून ग्राह्य धरावा, हे तिच्याद्वारे ठरते. पाचव्या पिढीच्या (५जी) जाळ्यांत २४.२५ गिगाहर्ट्झच्या वरील पट्ट्यांसाठी ही पद्धती अत्यावश्यक मानली जाते. झोत वळवण्याची क्रिया स्वतः अत्यंत जलद असते. दोन्ही टोकांनी तो एकाच क्षणी बदलणे हे यातील खरे कठीण काम होय.

पार्श्वभूमी

२६ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींची लांबी सुमारे ११.५ मिलिमीटर असते. अशा आखूड लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकाता येथे प्रयोग केले होते. या लहरी भिंत, झाडाची दाट पालवी किंवा मानवी शरीर यांमुळे सहज अडतात. मात्र लांबी कमी असल्यामुळे लहानशा पट्टीवर अनेक ॲन्टेना बसवता येतात. प्रत्येक ॲन्टेनाच्या संकेताची कला किंचित मागेपुढे केली की सर्वांची ऊर्जा एका दिशेत एकवटते. कंदिलाचा प्रकाश चोहीकडे पसरतो, तर बॅटरीचा झोत दूरवर पण अरुंद पट्ट्यात पडतो. हा फरक येथेही लागू पडतो. झोत जितका अरुंद तितका त्याचा पल्ला अधिक, आणि तितकीच दिशा चुकण्याची शक्यताही अधिक.

कार्यपद्धती

मनोरा प्रथम आपले झोत क्रमाने सर्व दिशांना फिरवतो. ५जी मानकानुसार मिलिमीटर पट्ट्यांत ५ मिलिसेकंदांच्या अवधीत जास्तीत जास्त ६४ झोत पाठवता येतात. हा फेरा ५ ते १६० मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा होतो. प्रथम जोडणी शोधणारा संच तो दर २० मिलिसेकंदांनी होतो असे गृहीत धरतो. संच प्रत्येक झोताची तीव्रता मोजून सर्वांत चांगला झोत मनोऱ्याला कळवतो. त्यानंतर मनोरा बदलाची आज्ञा देतो.

आज्ञा मिळताच बदल करता येत नाही, कारण ती वाचून अंमलात आणण्यास संचाला वेळ लागतो. हा वेळ 'सिम्बॉल' या एककात मोजतात. १२० किलोहर्ट्झ उपवाहक अंतर असताना एक सिम्बॉल सुमारे ८.९ मायक्रोसेकंदांचा असतो आणि १४ सिम्बॉलांचा एक स्लॉट ०.१२५ मिलिसेकंदांचा असतो. या मांडणीतील प्रमुख कालमर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

• माहितीसोबतच्या सूचनेतून झोत कळवल्यास संचाला त्याच्या क्षमतेनुसार १४ किंवा २८ सिम्बॉलांचा अवधी लागतो. माहिती त्याआधीच आली, तर संच नियंत्रण-वाहिनीसाठी वापरात असलेला झोत गृहीत धरतो.
• वरच्या स्तरावरील आज्ञेने नियंत्रण-वाहिनीचा झोत बदलायचा असल्यास संचाने पोच दिल्यानंतर ३ मिलिसेकंदांनी बदल लागू होतो. पोच मिळाली नाही, तर मनोरा जुनाच झोत चालू ठेवतो.
• मोजणीसाठीच्या आकस्मिक संदर्भ-संकेताकरिता काही संच २२४ किंवा ३३६ सिम्बॉलांचा, म्हणजे २ ते ३ मिलिसेकंदांचा अवधी मागतात. बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवलेला ॲन्टेना-संच जागा करण्यास हा वेळ लागतो.

दोन सिम्बॉलांमध्ये सायक्लिक प्रीफिक्स नावाचा रक्षक काळ असतो. वरील मांडणीत तो सुमारे ०.५९ मायक्रोसेकंद असल्याने प्रत्यक्ष झोत वळवण्याची क्रिया त्यात सामावते. ५२.६ ते ७१ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ९६० किलोहर्ट्झ अंतर वापरल्यास तो सुमारे ०.०७ मायक्रोसेकंदांवर येतो. तेथे झोत बदलताना मध्ये स्वतंत्र जागा सोडावी लागते.

झोत तुटणे व पुनर्जोडणी

मार्गात अडथळा आल्यास झोताचा दर्जा ठरावीक मर्यादेखाली जातो. अशा घटना नेमलेल्या काळात नेमलेल्या संख्येइतक्या झाल्या, की संच झोत तुटल्याचे मानतो, नवा झोत निवडतो आणि मनोऱ्याकडे विनंती पाठवतो. ही संख्या लहान ठेवल्यास क्षणिक अडथळ्यानेही विनाकारण बदल होतात. मोठी ठेवल्यास पुनर्जोडणीस उशीर होऊन संभाषण खंडित होऊ शकते.

वऱ्हाडातील परिस्थितीच्या आधारे उदाहरण

मुंबई–हावडा लोहमार्गावर अकोला व बडनेरा ही स्थानके आहेत. रुळापासून ५० मीटर अंतरावरील मनोऱ्याचा १० अंश रुंदीचा झोत रुळावर सुमारे ८.७ मीटर लांबीचा पट्टा व्यापेल. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी हा पट्टा सुमारे ०.३ सेकंदात ओलांडते. २० मिलिसेकंदांत ती अर्धा मीटरहून थोडी अधिक, तर १६० मिलिसेकंदांत सुमारे ४.४ मीटर पुढे जाते. म्हणजे फेऱ्याचे अंतर १६० मिलिसेकंद ठेवल्यास एका झोतात जेमतेम दोन मोजण्या होतील.

घराच्या छतावरील स्थिर संचाबाबत प्रश्न निराळा आहे. ताशी ५० मिलिमीटर वेगाच्या पावसात २६ गिगाहर्ट्झचा संकेत दर किलोमीटरला सुमारे ८ डेसिबल क्षीण होतो. २०० मीटर अंतरावर ही घट दीड डेसिबलच्या आसपास राहते आणि पाऊस सर्वच दिशांना असल्याने झोत बदलून लाभ होत नाही. वाऱ्याने हलणारी कडुनिंबाची फांदी किंवा आड येणारा मालट्रक मात्र एकच दिशा अडवतो. अशा वेळी पर्यायी झोत आधीच मोजून ठेवलेला असणे उपयुक्त ठरते.

भारतातील स्थिती

भारतात २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या काळात झालेल्या लिलावात २६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचाही समावेश होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा प्रारंभ झाला. अमरावती व अकोला हे जिल्हे दूरसंचाराच्या 'महाराष्ट्र' परिमंडळात येतात. गोवाही त्यातच मोडतो, तर मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे. भ्रमणध्वनीवरील ५जी सेवा प्रामुख्याने ३.३ गिगाहर्ट्झ व त्याखालील पट्ट्यांवर चालते. तेथील लहरी अडथळ्यांना तुलनेने कमी दाद देतात आणि संचाला स्वतःचा झोत सतत वळवावा लागत नाही. त्यामुळे वरील कालमर्यादांचे महत्त्व मुख्यतः २६ गिगाहर्ट्झ व त्यावरील पट्ट्यांपुरते आहे.